आडव्या लाकडाच्या आत

६ मे, सोमवार

सहलीचं पक्कं झालं. बुधवारी कासाब्लांकाहून निघायचं, मेकनासला मुक्काम, मधे वलीलीचे रोमन अवशेष, आणि शुक्रवारी मौलाय इद्रीस या वलीच्या दर्ग्यात झियारत, म्हणजे दर्शन. अर्धा धर्म, अर्धा इतिहास. नोंदणी कचेरीत बसून उभा जन्म मी लोकांचे जन्म आणि निकाह लिहिले, आता जरा घरच्यांना घेऊन फिरावं म्हणतो, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

खरं कारण शामा. माझी थोरली. लग्नाला दोन वर्षं झाली, आणि हिवाळ्यात एका संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली, ती अजून इथेच आहे. म्हणते, परत जाणार नाही. का, ते सांगत नाही. सेत्तातला नवऱ्याचं फरश्यांचं दुकान, वर स्वतःचं घर, सासरे हाज बूशता म्हणजे आजूबाजूच्या गावांत मानाचा माणूस. मी जेवायला बसल्यावर सगळ्यांदेखत विचारलं, "काय कमी आहे तिकडे?" ती म्हणाली, "काही कमी नाही, बा." मग विषय संपला की! कमी नाही तर माणूस घर का सोडतो?

लोकांच्या तोंडाला कुलूप लावता येत नाही. खालच्या मजल्यावरचे सी मक्की काल चहाला आले आणि मुद्दाम म्हणाले, "लेकीचा पाहुणचार बराच लांबला." त्यात शामाने चहा ओतला तो किटली पेल्याला टेकवून. वरून धार नाही, फेस नाही. पाहुण्याला बिनफेसाचा चहा! मी म्हटलं, "हात जरा वर उचल, हे काय औषध ओततेस?" तिने उचलला नाही. सी मक्कींनी पेल्यात पाहिलं आणि मग माझ्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून मीच जवादला, म्हणजे जावयाला, फोन केला. मुलगा किती अदबीने बोलतो. "बा, माझाही आवाज चढला असेल, पण हात मी कधी उचललेला नाही." मी विचारलंही नव्हतं, आपण होऊन म्हणाला. मग हाज बूशता फोनवर आले. म्हणाले, "जुन्या रीतीनं मिटवू. तुम्ही पोरीला घेऊन शुक्रवारी मौलाय इद्रीसला या. मी मेंढा आणतो." मी हो म्हणालो. हनियाला, बायकोला, अजून सांगितलेलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि शामाला कळलं तर ती गाडीतच बसायची नाही.

चांगलं काम आहे. तरी फोन मी गच्चीवर जाऊन केला, हेही इथे लिहून ठेवतो.

८ मे, बुधवार. मेकनास

माझ्या लेकाची, बद्रची, गाडी म्हणजे सार्डिनचा डबा. पोरगा गाडी चालवणार, मी पुढे, मागे हनिया, शामा आणि दोघींच्या मधे माझी थोरली बहीण, लल्ला रुकय्या. तिचे गुडघे कामातून गेलेत, तोंड शाबूत आहे. मांडीवर दर्ग्यात लावायच्या मेणबत्त्या, कबरीवर घालायची हिरवी चादर, आणि उकडलेल्या अंड्यांची पिशवी. टोलनाक्यावर तिने खिडकी खाली करून नाक्यावरच्या बाईला विचारलं, "लग्न झालंय का गं?" आणि बाई हो म्हणाली तेव्हा, "मग पोरं किती?" मागे गाड्यांचे भोंगे. मी खिडकीबाहेर पाहत बसलो, जणू काही आमची ओळखच नाही.

"अम्ती, तुला रेडिओवर ठेवलं पाहिजे," बद्र आत्याला म्हणाला.

"रेडिओला बटण असतं, मला नाही," ती म्हणाली.

रबात मागे पडल्यावर मला एक कल्पना सुचली. शामाच्या मनाची तयारी व्हावी म्हणून मी सहज म्हटल्यासारखं केलं, "लल्ला, आपल्या लहानपणी वडिलांवर आर घातला होता ना, माफीसाठी दारात रक्त सांडून, ती गोष्ट सांग." तिला तेवढंच हवं होतं. शेजारच्या वस्तीतल्या एका माणसाने भांडणात आमच्या चुलत्याचं डोकं फोडलं होतं. वडिलांनी त्याला माफ करायचं नाही अशी शपथ घेतली. एका सकाळी दार उघडतात तर तो माणूस गोऱ्हा घेऊन उभा. वडिलांच्या तोंडून शब्द निघायच्या आत त्याने सुरी फिरवली. रक्त उंबऱ्यावर.

"मग?" बद्र म्हणाला.

"मग काय! दारात आराचं रक्त सांडलं की नाही म्हणता येत नाही. म्हणणाऱ्याच्या घरातली बरकत जाते. वडिलांनी त्याला आत घेऊन जेवू घातलं."

शामा खिडकीतून वळली. म्हणाली, "आणि चुलत्यांना कोणी विचारलं?"

"त्याला काय विचारायचं? त्याचं डोकं फुटलेलं."

"म्हणजे मारणाऱ्याला गोऱ्हा परवडला की झालं."

बद्र खो खो हसला. मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं. लल्ला मात्र हसली नाही. "पोरी, आर काही श्रीमंताचाच नाही. ज्याच्याकडे कोंबडीही नाही त्याने मोठ्याच्या कपड्याची कड धरायची आणि म्हणायचं, मी अल्लाहच्या आणि तुझ्या आरात आहे. झालं. त्याला पाठीशी घालावंच लागतं. त्याला सुरी लागत नाही." मला वाटलं, ही गोष्ट भलतीकडेच नेते आहे. मी अंडी मागितली.

दुपारी जुनी शाही धान्यकोठारं पाहिली. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत विहिरीसारखा गारवा. मी घरच्यांना भिंतींची जाडी, घोड्यांच्या पागा, वेढ्यासाठी साठवलेलं धान्य, सगळं नीट समजावून सांगितलं. एक परदेशी जोडपंही थांबून ऐकू लागलं, तेव्हा जरा बरं वाटलं. शामा भिंतीवर तळवा ठेवून उभी होती.

"बा, इतक्या जाड भिंतीआड कोणी ओरडलं तर बाहेर ऐकू जात असेल का?"

"हे कोठार आहे, बंदीखाना नाही," मी म्हटलं. "बंदीखाना पलीकडे आहे, तो उद्या दाखवतो."

तिला इतिहासात रस आहे हे पाहून आनंद झाला.

९ मे, गुरुवार. मेकनास

आजचा दिवस दोन ठिकाणी नासला. पहिल्या ठिकाणाचं हसू येतं. दुसऱ्याचं काय करावं कळत नाही.

सकाळी वलीली. पडक्या खांबांवर करकोच्यांची घरटी, दगडांमधून लाल खसखशीची फुलं, जमिनीवर जुनी रंगीत चित्रं. एका चित्रात एक गडी गाढवावर उलटा बसलेला आहे. लल्ला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा आपला तय्यब. पुढे काय आहे ते न बघता सगळ्यांना मागचं सांगतोय." सगळे हसले, हनियासुद्धा. मी म्हटलं, विनोदाची जागा नाही ही. तेवढ्यात लल्ला दुसरीकडे एका दगडापाशी पोचली. त्यावर काय कोरलं आहे ते मी इथेही लिहिणार नाही. रोमन लोकांना कशाचीच लाज नव्हती एवढंच लिहितो. ती वाकून, डोळे बारीक करून, मोठ्याने: "तय्यब, हा काय रे, मुळा?" शाळेच्या सहलीतल्या पोरी आणि त्यांच्या बाई, सगळ्या वळल्या. मी कानापर्यंत लाल झालो. शामा हसत होती. तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हिवाळ्यापासून तिला हसताना पाहिलं नव्हतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि माझा रागही गेला.

उतारावर ऑलिव्हच्या घाण्याचे जुने दगड आहेत. तिथून समोर डोंगरावर मौलाय इद्रीसचं गाव दिसतं, पांढरं, मधे दर्ग्याचं हिरवं छप्पर. लल्लाने तिथूनच हात पसरून दुआ मागितली. मी त्या गावाकडे पाहिलं आणि लगेच पाठ फिरवली. उद्या दुपारी तिथे मेंढा असेल.

संध्याकाळी हम्माम. झियारतीच्या आदल्या दिवशी अंग स्वच्छ करून घ्यावं, ही आमच्या घरची रीत. शामा आईला म्हणाली, "मी इथेच खोलीत अंघोळ करते, यम्मा." मी म्हटलं, "काही नाही, जा. वलीच्या दारात अर्धवट अंघोळीने जायचं का? आईची पाठ कोण चोळणार?" लल्ला गुडघ्यांमुळे खोलीत राहिली. बद्र आणि मी पुरुषांकडे गेलो. वाफेत मस्त अंग सैल झालं. बाहेर येऊन संत्र्याचा रस प्यालो.

बायका खूप उशिरा आल्या. शामा पुढे, डोक्यावर रुमाल, नजर खाली. हनिया मागे. तिचे डोळे सुजलेले. मी विचारलं, "वाफ फार होती का?" ती शामाच्या मागोमाग चालत राहिली. जेवणात तिने घास घेतला नाही. शामासाठी मांसाचे तुकडे मोडून मोडून तिच्या बाजूला सरकवत होती, ती लहान असल्यासारखी.

खोलीत आल्यावर म्हणाली, "सी तय्यब, घरी जाऊ या. आत्ता."

"आणि झियारत? लल्लाचा नवस?"

"वली माफ करील."

"अगं पण झालं काय?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "तिने मला तुमच्या डोक्याची शपथ घातली आहे, बोलायचं नाही म्हणून. ती म्हणते, बा लोकांना काय सांगतील." मग पलीकडे तोंड करून पडली.

बायकांचं काय असेल ते असो. हम्मामातल्या कुणी ओळखीच्या बाईने टोमणा मारला असणार, लेक घरी बसली म्हणून. हेच तर मी म्हणतो! उद्या एकदा सगळं मिटलं की टोमणे बंद. मेंढ्याचं हिला सांगावं असं तोंडाशी आलं होतं. पण ती रडत होती, आणि रडत्या माणसाला अशा गोष्टी सांगू नयेत.

१० मे, शुक्रवार. सकाळी

जवादचा निरोप आला: निघालो आहोत, बा. मी पांढरा जेलाबा, सणासुदीचा पायघोळ झगा, घातला. हनिया म्हणाली, "ईद आहे का आज?"

११ मे, शनिवार. कासाब्लांका

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो आहे, आणि जे झालं तेच लिहीन. स्वतःला सावरून घेणार नाही.

दर्ग्याच्या गल्लीत शिरताना एक आडवं लाकूड आहे, छातीच्या उंचीवर. जनावरं त्याच्यापुढे जात नाहीत, गाढवंसुद्धा तिथेच बांधतात. माणसाने वाकून जायचं. राजा असो की हमाल, मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि एकदा आत गेलेल्याला जुन्या काळी कोणी हात लावू शकत नसे, खुन्यालाही नाही. हे सगळं मी घरच्यांना लाकडापाशी थांबवून सांगितलं. लल्ला म्हणाली, "भाषण आवर, माझे गुडघे वाकलेत तेवढ्यात जाऊ दे."

आत जुम्म्याची गर्दी. नमाज झाली. लल्लाने मेणबत्त्या दिल्या, चादर घातली, कबरीच्या कठड्याला कपाळ लावून रडली. शामाही बसून होती, कठड्याची जाळी डाव्या हाताने धरून. उजवा हात मांडीवर. मी दुआ काय मागितली? लेकीचं घर नांदू दे. आणि हेही मागितलं, की ते सी मक्कींच्या कानावर लवकर जाऊ दे. वलीच्या दारात बसून मी हे मागितलं.

आम्ही बाहेर निघालो तर लाकडाच्या पलीकडे ते उभे होते. हाज बूशता, बगलेत टोपी. जवाद पांढऱ्या कपड्यांत. आणि मोठ्या शिंगांचा मेंढा. तो लाकडाशी येऊन थांबला होता, रीत माहीत असल्यासारखा. नमाजी लोक भोवती जमले होते. अशा गोष्टीला गर्दी लागतेच.

हनिया म्हणाली, "हे इथे कसे?"

मी मेंढ्याकडे पाहिलं. हाज बूशतांनी अल्लाहचं नाव घेतलं आणि मेंढ्याला आडवं केलं. रक्त उतारावरून गल्लीच्या मधल्या पन्हळीत वाहत गेलं. "सी तय्यब," ते मोठ्याने म्हणाले, "आम्ही अल्लाहच्या आणि तुमच्या आरात आहोत. पोराला माफ करा. सून घरी द्या."

कोणीतरी "अल्लाहु अकबर" म्हणालं. एका म्हातारीने डोळे पुसले. मी लाकडाखालून वाकून पलीकडे गेलो. जवादने माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं. माझ्या तोंडात वाक्य तयारच होतं, आठवडाभर घोकलेलं: "माफ केलं. तुमची अमानत तुम्ही न्या." लोक आनंदले. किती बरं वाटलं मला! तेवढ्या क्षणापुरतं वाटलं, पांढरा जेलाबा घातला ते बरं केलं.

मग मी वळून म्हटलं, "शामा, ये बाहेर."

ती आली नाही. लाकडाच्या आत, दगडी भिंतीला पाठ लावून उभी होती. आईने तिचा हात धरला होता. जवाद म्हणाला, "शामा, लोक बघतायत," आणि लाकडाखाली मान घातली. तो आत येतोय हे पाहिल्यावर ती पुढे झाली, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे, आणि लाकडाच्या आतूनच तिने हात लांब करून माझ्या जेलाब्याची कड धरली. डाव्या हाताने. बारीक आवाजात म्हणाली, पण गल्ली एकदम चिडीचूप झाली होती, सगळ्यांना ऐकू गेलं:

"बा, मी अल्लाहच्या आणि तुमच्या आरात आहे. मला यांच्या हवाली करू नका."

मला राग आला. खरं लिहायचं म्हटलं ना? मला राग आला. चार लोकांत दिलेला शब्द! मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, समजूत घालायला, दुसरं काही नाही. तिने डोळे गच्च मिटले, मान खांद्यांत ओढली आणि उजवा हात तोंडासमोर आणला. तो अर्धाच वर आला आणि तिथे थांबला. त्याच्यावर तो जातच नाही.

माझा हात हवेत राहिला. ती माझ्यापासून स्वतःला वाचवत होती. माझ्यापासून.

हनिया लाकडाखालून माझ्याजवळ आली. रडत नव्हती. "सी तय्यब, काल तिच्या पाठीला साबण मी लावलाय. काय पाहिलं ते इथे लोकांना सांगू, की तुम्हाला एवढ्यावर कळलं?"

कळलं. बिनफेसाचा चहा कळला. जाड भिंतीही कळल्या. सगळं एकदम कळलं.

"बा, घरातली गोष्ट घरात..." जवाद म्हणाला. तोच अदबीचा आवाज.

मी हाज बूशतांना म्हटलं, "हाज, मी शब्द मागे घेतो."

"रक्त सांडल्यावर?" त्यांचा विश्वास बसेना. "वलीच्या दारात? तुम्हाला बरकतीची भीती नाही?"

"रक्त मेंढ्याचं आहे," मी म्हणालो. धीटपणे नव्हे. मला बोलताना धाप लागली होती.

"चार लोकांत माझं नाक कापलंत तुम्ही."

तेव्हा मागून लल्ला रुकय्या बोलली. ती लाकडाला धरून उभी होती, आत. "अरे बूशता, तू बाहेर सुरी चालवलीस, पोरीने आत उभं राहून कड धरली. दोन्ही आरच आहेत. कुठला जड, ते तुझ्या गावात जाऊन कोणत्याही म्हाताऱ्याला विचार. आणि लेकाचा हात त्याच्या खिशात ठेवायला शिकव."

गर्दी मागे सरकली. मघाची म्हातारी मात्र लाकडाखालून आत गेली आणि शामाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ते लोक गेले. मेंढा तिथेच पडला होता. दर्ग्याच्या माणसांनी तो सोलून गरिबांत वाटला, आराचं मांस आर घालणाऱ्याने न्यायचं नसतं.

शामाने कड लगेच सोडली नाही. मी कितीतरी वेळ तसाच वाकून उभा होतो.

परतीच्या वाटेवर मागच्या तिघी खिडकीबाहेर पाहत होत्या. लल्लासुद्धा. मेकनास ओलांडल्यावर बद्र म्हणाला, "पण त्यांना कळलं कसं, आपण आज तिथे असणार ते? कोणी सांगितलं?"

मी समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होतो. तोंड उघडायची हीच वेळ होती. मी उघडलं नाही.

मागून शामा म्हणाली, "शुक्रवारी सगळेच येतात रे तिथे. योगायोग."

तिला माहीत होतं. माझा पांढरा जेलाबा तिनेही पाहिला होता. नवऱ्याचं झाकत होती तसंच तिने माझंही झाकलं. चार महिने घराबाहेर राहूनही तिची ती सवय सुटलेली नाही, आणि ती सवय तिला त्या घराने लावली की या, याचं उत्तर मला सापडत नाही.

१४ मे, मंगळवार

डॉक्टरकडे नेलं. खांद्याचं हाड हिवाळ्यात निखळून तसंच वाकडं बसलं आहे. डॉक्टरीण बाईंनी मला विचारलं, "तुम्ही एकाच घरात राहता ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

वकील पाहिला आहे. बद्र परवा रागाने सेत्तातला निघाला होता, लल्लाने त्याच्या गाडीच्या किल्ल्या आपल्या छातीशी कपड्यात लपवल्या. "घे, हिंमत असेल तर," म्हणाली.

जिन्यात सी मक्की भेटले. "सहल कशी झाली? लेक गेली का सासरी?" मी म्हणालो, "नाही. आणि जाणार नाही. तिला मारत होते." इतकी साधी वाक्यं. मी ती बोलून वर आलो आणि जिन्यात बसून राहिलो. लाज वाटली, पण ती नेहमीची नव्हती. नेहमीची लाज लोकांकडून आत येते. ही आतूनच होती आणि तिला जायला दार नव्हतं.

हनियाला शनिवारी रात्री फोनचं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्या गल्लीतच कळलं. मी वाट बघत होते, कधी सांगता ते." आणि उशी घेऊन शामाच्या खोलीत झोपायला गेली. अजून तिथेच झोपते.

१९ मे, रविवार

लल्लाला विचारलं, "लेकीची माफी कशी मागतात?" ती म्हणाली, "बापाने? मी असं ऐकलेलं नाही. एक कोंबडा काप तिच्या दारात." चेष्टा करत होती की खरंच सांगत होती, कोण जाणे.

मी खरोखर कोंबड्याचा विचार केला. बाजारापर्यंत गेलोसुद्धा. पिंजऱ्यासमोर उभा होतो तेव्हा त्या गल्लीतली पन्हळ आठवली. रक्त सांडलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. म्हणूनच तर रीत इतकी पक्की आहे, आणि म्हणूनच ती मला आवडली होती. मी रिकाम्या हाताने परत आलो.

दुपारी शामा स्वयंपाकघरात पुदिना निवडत होती. मी दारात उभा राहिलो. माझ्या घरात मी दारात उभा राहिलो, आत जाऊ का ते कळेना.

"शामा, मीच फोन केला होता. मेंढ्याचं मला माहीत होतं. तुला न सांगता तुला तिथे नेलं."

"माहितीये, बा."

"तू गाडीत खोटं का बोललीस?"

तिने पुदिन्याची काडी मोडली. "तुमची मान खाली गेलेली बघवली नाही."

मला रडू आलं. ते तिला दिसलं, आणि तिला ते दिसावं असं मला वाटत नव्हतं, कारण रडणाऱ्या बापाला नाही म्हणणंही अवघड. म्हणून मी तोंड धुतलं, पंच्याने पुसलं आणि मग म्हणालो, "मला माफ करशील का, हे विचारायला आलो होतो. हो म्हणायलाच पाहिजे असं नाही. खरंच नाही."

ती खूप वेळ पानं खुडत राहिली. मग माझ्याकडे सरळ पाहिलं, घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

"अजून नाही, बा."

"बरं," मी म्हटलं.

तिने किटली दोन्ही हातांनी धरून, पेल्याला टेकवून चहा ओतला. एक माझ्यासाठी, एक तिच्यासाठी. आम्ही तो तिथेच उभ्याने प्यालो.